'ती लिव्हरसाठी'

मी कम्युनिटी मेडिसिन शिकवते. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरबद्दल विद्यार्थ्यांना कितपत माहिती आहे, हे पाहण्यासाठी आम्ही पदवीच्या वर्गात प्रश्नावली वाटली. नाव लिहायचं नाही, धोका वाढवणाऱ्या गोष्टींवर फक्त खूण करायची.

कागद गोळा केले आणि तिथेच चाळायला घेतले. चोथायुक्त आहार चांगला, हे बहुतेकांना ठाऊक होतं. दारू आणि तंबाखूच्या चौकटी मात्र कागदामागून कागद कोऱ्या. एकाने दारूपुढे केलेली खूण खोडून शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'ती लिव्हरसाठी'. तिथे मी थांबलेच. दारू म्हणजे लिव्हर, सिगारेट म्हणजे फुप्फुस; एकेका सवयीला एकेक अवयव नेमून दिलेला! आणि हे आम्हीच, पोस्टरं लावणाऱ्यांनी, मुलांच्या डोक्यात भरवलंय. प्रत्यक्षात दारू, तंबाखू, वाढलेलं वजन, दिवसभराची बैठक या सगळ्यांनी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

मग प्रक्रिया केलेल्या मांसाचा विषय निघाला. सॉसेज, हॅम, सलामी वगैरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१५ साली ते कॅन्सरकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असं मी म्हणाले. मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "म्हणजे शंभरातल्या अठरा जणांना होणार?"

फार मोलाचा प्रश्न. फळ्यावर मांडून दाखवलं: समजा एरवी शंभरातल्या पाच जणांना आयुष्यात कधीतरी हा आजार होणार असेल, तर ते पाचाचे जवळपास सहा होतील. सिगारेटही त्याच पहिल्या गटात आहे, पण म्हणून सॉसेज सिगारेटइतकं घातक ठरत नाही. गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. आकडा असा उलगडून सांगितला की मुलं घाबरून कान बंद करत नाहीत, हे मी वारंवार पाहिलंय.

"पण हा म्हाताऱ्यांचा आजार ना?" एक खेळाडू मुलगा म्हणाला. रुग्ण बहुतेक पन्नाशीपुढचे असतात हे खरं, पण अनेक देशांत त्याआधीच्या वयातलं प्रमाण वाढतंय. शिवाय आतड्यातल्या छोट्या गाठीचा, पॉलिपचा, कॅन्सर व्हायला बहुधा दहा-एक वर्षं लागतात. ती वेळेत सापडली तर कोलोनोस्कोपी करतानाच, म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीने मोठं आतडं आतून तपासतानाच, काढता येते.

तास संपल्यावर एक मुलगी टेबलापाशी आली. वडिलांना ४६व्या वर्षी निदान झालेलं. "मॅडम, मग मी कधी तपासायचं?"

आई-वडील किंवा सख्ख्या भावंडाला झाला असेल, तर चाळिसाव्या वर्षी किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे लवकर येईल तेव्हा, असा सर्वसाधारण नियम आहे. तिने तळहातावर '३६' लिहिलं. मग म्हणाली, "दादा चौतीसचा आहे. त्याला मधूनमधून रक्त पडतं. मूळव्याध आहे म्हणतो."

"कुणी तपासून सांगितलंय का?"

"नाही. त्यालाच वाटतं."

म्हटलं, मग छत्तीसची वाट बघायची नाही. मूळव्याध असली तरी रक्त नेमकं कुठून येतंय ते डॉक्टरांनी पाहायलाच हवं, आणि वडिलांचा आजार त्यांना आधी सांगायचा. ती घुटमळली. संडासातल्या गोष्टी दादाशी कशा बोलायच्या? मी तिला तिथेच फोन लावायला सांगितला आणि त्याच्याशी मीच बोलले.