पाच नंबरचं सिलिंडर

"कितव्या सिलिंडरचं हाय?" बाबांनी फोनवर विचारलं.

मी एवढंच सांगितलं होतं की एक महागाची स्पोर्ट्स गाडी तीन दिवसांपासून उभी आहे आणि तिचं मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर मधूनच न पेटणं, कशाने होतंय ते सापडत नाही. आर्वी तालुक्यात पऱ्हाटीच्या रानात उभं राहून बाबांनी जो प्रश्न केला, तोच शारजातल्या गॅरेजात गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून मी पहिला विचारला होता. गावाकडचे बरेच जण विचारतात, तिकडच्या मोठ्या गाड्या दुरुस्त करायला काय वेगळं शिकलास? त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

गाडी दोन दारांची, २००८ सालची, आठ सिलिंडरची. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की आवाज एकसारखा. पण दुपारी एसी लावून पंधरा-वीस मिनिटं ट्रॅफिकमध्ये थांबली की स्टेअरिंग थरथरायचं, सायलेन्सरमधून फट्‌-फट्‌ यायची आणि इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागायचा. मालकाने दुसऱ्या एका गॅरेजात आठही प्लग आणि प्लगला वीज देणाऱ्या चार कॉइल बदलून घेतल्या होत्या. पैसे गेले, दुखणं तिथंच.

स्कॅनरने कोड दाखवला पी०३०५, म्हणजे पाचव्या सिलिंडरमध्ये मिसफायर. पुष्कळ जण इथेच फसतात. कोड घर दाखवतो, चोर दाखवत नाही. मिसफायर ओळखायला कॉम्प्युटर क्रँकशाफ्टचा, म्हणजे सगळे पिस्टन मिळून फिरवतात त्या दांड्याचा, वेग बघतो. प्रत्येक सिलिंडर पेटला की शाफ्टला एक धक्का बसतो. एखादा धक्का चुकला की शाफ्ट कणभर मंदावतो, सेन्सर ते टिपतो आणि कॉम्प्युटर त्या सिलिंडरच्या नावावर एक चूक मांडतो. ठिणगी पडली नाही, पेट्रोल आलं नाही की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलं, हे शोधायचं काम माणसाचंच.

आमच्या गावचे मिस्त्री हेच कानाने करायचे. जुना तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर चालू ठेवून ते एकेका इंजेक्टरच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या, नळीचा नट पान्ह्याने जरासा ढिला करत. आवाज पडला तर तो सिलिंडर काम करतोय. आवाजात फरकच पडला नाही तर मेलेला सिलिंडर तोच. मी आठवीत होतो, कंदील धरून उभा राहायचो. "हात दूर ठेव पोट्ट्या, डिझेल कातड्यात घुसते," असं ते दर वेळी बजावायचे, आणि ते खरंच आहे. आजच्या कॉमन रेल, म्हणजे एकाच दाबाच्या नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या, इंजिनावर तर हा प्रयोग कोणीही करू नये, तिथला दाब फार जास्त असतो.

पेट्रोल गाडीतही चालू इंजिनाची कॉइल उपटून बघणारे आहेत. त्याने न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर साफ करणाऱ्या डब्यात, जाऊन तिथे पेटतं आणि आतली चिनीमातीची जाळी वितळते. दिवा लुकलुकतो तो याच धोक्याचा असतो. तुमच्या गावातल्या बीएस-६ पेट्रोल गाडीलाही हे लागू आहे. दिवा नुसता पेटलेला असेल तर जपून गॅरेजपर्यंत न्या. लुकलुकत असेल तर एक्सलेटर दाबू नका, गाडी बाजूला घ्या.

मी पाचव्याची कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर आणि दुसऱ्याची पाचव्यावर लावली. गाडी तापवली. चूक पाचव्यातच राहिली, म्हणजे कॉइल चांगली. प्लगची अदलाबदल केली, तरी तेच. कॉम्प्रेशन मोजलं, शेजारच्या सिलिंडरइतकंच भरलं. एका वेळी एकच गोष्ट हलवायची आणि दुखणं तिच्यासोबत जातं का बघायचं. वेळ लागतो, पण मालकाच्या खिशातून आंधळेपणाने काही जात नाही.

राहिलं पेट्रोल. इंजेक्टरचा रेझिस्टन्स थंड असताना १४ ओहम, अगदी बरोबर. तिसऱ्या दिवशी बाबांशी बोलणं झालं तेव्हा मी इथेच अडकलो होतो. बाबा म्हणाले, "गरम झाल्यावरच करते ना? मंग गरमच असताना पाह्य ना."

त्या दुपारी गाडी पूर्ण तापवून बंद केली. मीटर इंजेक्टरवर न लावता कॉम्प्युटरच्या टोकाकडून लावला, म्हणजे मधली तारही मोजमापात आली, आणि इंजिनाच्या दोन हेडच्या, म्हणजे सिलिंडरांच्या दोन रांगांवरच्या झाकणांच्या, मधून जाणारी वायरिंग बोटाने हळूहळू हलवत गेलो. एका जागी १४ चा आकडा नाहीसा झाला. हात काढला, परत १४.

वरची टेप सोलली. तारेचं आवरण उन्हात वाळलेल्या तुऱ्हाटीसारखं तडकलेलं, आणि आत तांबं हिरवं पडलेलं. बहुतेक धागे तुटले होते, दोन-तीन तेवढे एकमेकांना टेकून होते. थंड असताना टेकायचे, तापून वायरिंग ताणली की सुटायचे. तुटणं क्षणभराचंच, म्हणून इंजेक्टरच्या तारेचा वेगळा कोड कधी आलाच नाही.

खराब तुकडा कापला, तेवढ्याच जाडीची नवी तार क्रिंप करून, म्हणजे धातूच्या नळीत दाबून, जोडली, वर उष्णता सोसणारी नळी चढवली आणि वायरिंगला थोडी ढील देऊन क्लिपने बांधली. सामानाचा खर्च एका प्लगच्या किमतीइतकाही नव्हता. मग एसी लावून ४० मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवली. स्कॅनरवर पाचव्यासमोर शून्य. बोनेटवर तळवा ठेवला, थरथर नव्हती.

रात्री बाबांना फोन केला. म्हणाले, "बनली ना? बरं झालं. आता मले सांग, आपल्या ट्रॅक्टरचं दोन नंबर पाह्यटे धूर टाकते, पांढरा."

"गरम झाल्यावर राहते का जाते?"

"जाते."

"मग आधी इंजेक्टर काढून तपासून घ्या बाबा, बाकी काही बदलू नका."