माती 'साफ केली' म्हणजे नक्की काय केलं?

माती-पाण्याचे नमुने गोळा करायचं माझं काम, त्यामुळे "साइट क्लीन झाली" असं कोणी म्हटलं की मी लगेच विचारतो, तपासलं कोणी? आणि या प्रश्नासाठी व्हर्ननसारखं दुसरं उदाहरण नाही.

व्हर्नन म्हणजे लॉस एंजेलिसला लागून असलेलं गाव, गाव कसलं, नुसती एमआयडीसीच, राहणारी माणसं जेमतेम दोन-तीनशे. तिथे 1922 पासून धातू वितळवायचा कारखाना होता, 2000 साली तो एक्साइड टेक्नॉलॉजीजकडे आला (आपल्या इन्व्हर्टरवर जे नाव असतं ती कोलकात्याची वेगळी कंपनी, उगाच गोंधळ नको). गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, ॲसिड आणि प्लास्टिक बाजूला काढायचं, शिसं भट्टीत घालून परत वापरायला तयार करायचं. काम खरं तर गरजेचं आहे, जुनं शिसं परत वापरलं तर चांगलंच की, पण धूर आणि धूळ धरून ठेवता आली नाही तर ती शेजाऱ्यांच्या अंगणात जाऊन बसते आणि शिसं कुजत नाही, विरत नाही, पावसानं फारसं खालीही जात नाही, वरच्या काही इंचांतच पडून राहतं, म्हणजे नेमकं जिथे पोरं खेळतात तिथे.

आणि हा कारखाना तीसेक वर्षं तात्पुरत्या परवान्यावर चालला! तात्पुरतं म्हणजे किती तात्पुरतं याला काही लिमिट? 2013 मध्ये तिथल्या हवा-नियंत्रण खात्याने सांगितलं की भट्टीतून निघणाऱ्या आर्सेनिकमुळे एक लाखाहून जास्त लोकांना कॅन्सरचा धोका वाढलाय, तेव्हा कुठे आरडाओरडा झाला. 2015 मध्ये कंपनीने सरकारी वकिलांशी करार करून घातक कचऱ्याचे गुन्हे कबूल केले, कारखाना कायमचा बंद केला आणि खटला टळला.

मग सुरू झाली सफाई. आजूबाजूच्या 1.7 मैलांत, म्हणजे पावणेतीन किलोमीटरमध्ये, जवळपास 10 हजार घरं-शाळा-बागा. बॉइल हाइट्स, ईस्ट लॉस एंजेलिस, मेवूड, कॉमर्स, बहुतेक मेक्सिकन मुळाची कष्टकरी वस्ती. कॅलिफोर्नियाची मर्यादा 80 पीपीएम, म्हणजे दहा लाख भाग मातीत 80 भाग शिसं. 2016 मध्ये राज्याने 17.66 कोटी डॉलर मंजूर केले, ते पुरले नाहीत, नंतर अजून कितीतरी घातले. 2020 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि कोर्टाने तिला ती जागा चक्क सोडून द्यायची परवानगी दिली. बिल कोणाच्या खिशातून, हे सांगायला नकोच.

काम ऐकायला सोपं वाटतं. एक्सआरएफ नावाचं हातात धरायचं यंत्र मातीला टेकवलं की थोड्या वेळात शिशाचा आकडा दिसतो, मग वरची फूट-दीड फूट माती खणायची, धूळ उडू नये म्हणून पाणी मारत राहायचं, ट्रक झाकून पाठवायचा, नवीन माती टाकून हिरवळ लावायची. घोळ होतो तो कोपऱ्यांत. भिंतीलगतची पट्टी, जिथे छपराचं पाणी आणि जुन्या रंगाचे पोपडे पडतात, तिथे शिसं सगळ्यात जास्त असतं आणि पाया हलेल म्हणून तिथेच नीट खणता येत नाही. झाडाच्या मुळांपाशी तेच. फुटपाथ आणि रस्त्यामधली मातीची पट्टी तर सुरुवातीला कामातच धरली नव्हती, म्हणजे अंगण नवीन आणि फाटकाबाहेर जुनीच माती, जी चपलेला लागून परत आत येणार. त्यात अख्ख्या अंगणाचा एकच आकडा बघायचा म्हटलं की मधली स्वच्छ माती कोपऱ्यातली घाण झाकून टाकते. मी तर म्हणतो नुसता आकडा नकोच, कुठून आणि किती खोलवरून उचललं त्याचा नकाशा द्या.

2023 मध्ये विद्यापीठांच्या संशोधकांनी आधीच साफ झालेल्या 93 घरांमधली माती तपासली तर त्यातल्या बहुतेक ठिकाणी निदान एक तरी नमुना 80 च्या वर निघाला! सरकारी कागदावर ही घरं पूर्ण झालेली होती. कोणी मुद्दाम फसवलं असं मी म्हणत नाही, ठेकेदाराला अंगणांची संख्या दाखवायची असते, खात्याला खर्च झालेला निधी दाखवायचा असतो, कोपऱ्यात परत यंत्र टेकवून कोणाचंच काही भलं होत नाही. म्हणून ते काम तिसऱ्याकडे हवं आणि त्याचा पगार ठेकेदाराने द्यायचा नाही.

त्यातल्याच एका विद्यापीठाच्या लोकांनी वस्तीतल्या मुलांचे पडलेले दुधाचे दातही गोळा केले होते, 2019 मध्ये त्याचा पेपर आला. दात पोटात असल्यापासून बनायला लागतो, त्यामुळे आईच्या पोटात असताना किती आणि नंतर किती शिसं शरीरात गेलं ते थरांमध्ये वेगवेगळं कळतं, आणि जिथे मातीत शिसं जास्त तिथे दातातही जास्त. रक्त तपासलं तर गेल्या एक-दोन महिन्यांचंच कळतं, त्यामुळे कारखाना बंद झाल्यावर रक्ताचे रिपोर्ट चांगले आले म्हणून आधीचं काहीच झालं नव्हतं असं धरता येत नाही.