नऊ इंचांची उडी

फुटपाथवरून उतरताना माझा पाय मोडला. धावत नव्हते, मोबाइलमध्ये बघत नव्हते, मागे कुत्रंही लागलं नव्हतं. हातात कोथिंबिरीची जुडी आणि अर्धा किलो गवार. फुटपाथ नऊ इंच उंच आहे. भाचा नंतर पट्टी घेऊन गेला आणि मोजून आला. त्या नऊ इंचांत घोट्यातून ‘कट्’ असा आवाज आला आणि गवार रस्ताभर झाली. सहा आठवडे प्लास्टर.

तेव्हापासून दुपारी मी दिवाणावर, पाय दोन उशांवर. समोर टीव्हीला कन्सोल लावून भाचा. दहावीची परीक्षा नुकतीच संपलेली, त्यामुळे त्याला कुणी काही बोलायची सोय नाही. परवा त्याचा तो टोपडं ओढलेला मारेकरी एका मनोऱ्याच्या टोकावर चढला, हात पसरले आणि दिली उडी टाकून. सात-आठ मजले तरी असतील. खाली गवताची गाडी. तो तिच्यात पाठीवर पडला, बाहेर आला, चालू लागला.

‘‘घोटा?’’ मी विचारलं.

‘‘काय?’’

‘‘त्याचा घोटा बघ एकदा.’’

भाच्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा प्लास्टरकडे, आणि पुढच्या मनोऱ्यावर चढायला लागला.

गंमत म्हणजे ही उडी मी स्वतः शेकड्यांनी मारलेली आहे. २००७ चा पहिला ‘असॅसिन्स क्रीड’, ११९१ सालचं दमास्कस आणि जेरुसलेम, आणि लग्न नवीन असल्यामुळे रात्री जागायला हरकत घेणारं कुणी नाही. तेव्हा मला घोटा म्हणून काही असतो हे एकदाही आठवलं नाही.

खरं तर आठवायला हवं होतं. कारण गवतातली उडी मी खरीही मारली आहे. कुडाळजवळच्या आमच्या गावी भात झोडून झालं की खळ्याच्या कडेला पेंढ्याची उडवी रचायचे. मध्ये एक वासा रोवलेला, त्याच्याभोवती गोल गोल पेंढा. पडवीच्या छपरावरून त्यात उडी मारायची टूम दादाची. उंची सात फूट, फार तर आठ. आधी मी, कारण मी लहान आणि हलकी, म्हणजे नुकसान कमी. पेंढा मऊ असतो ही पेंढ्यात कधी न पडलेल्यांची समजूत. एकेक काडी वर तोंड करून उभी असते. कोपरापासून मनगटापर्यंत ओरखडे, फ्रॉकच्या आत कुसळं, नाकातोंडात धूळ. मग दादा. त्याला नेमका वासा लागला. कुठे लागला ते त्यानं आजवर सांगितलेलं नाही, पण त्या आठवड्यात तो वर्गात उभाच असायचा. आजीनं दोघांना खोबरेल लावलं आणि पेंढा विस्कटल्याबद्दल वेगळा प्रसाद दिला. गुरांचं वर्षाचं खाणं होतं ते.

गेममध्ये मात्र उडी मारायच्या प्रत्येक जागेखाली गाडी उभी. ओढायला बैल नाही, राखायला शेतकरी नाही, ‘कोण रे तो पेंढ्यात?’ म्हणून कुणी काठी घेऊन येत नाही.

आजीचा आणि व्हिडिओ गेमचा संबंध आला तो एका मे महिन्यात. टीव्हीला लावायचा तो डबा दादानं कुणाकडून तरी चार दिवसांसाठी आणला होता. कॅसेटवर लिहिलेलं ‘९९९९ इन १’. आत मोजून वीसेक गेम आणि मग पुन्हा तेच. चालेनाशी झाली की फुंकर मारायची. आजी आमच्या मागे सुपात तांदूळ घेऊन निवडत बसायची. मारिओ विटा फोडत होता. (डोक्यानं नव्हे हं, वर केलेल्या मुठीनं. नीट बघा कधीतरी.) तो नळात शिरून भलतीकडेच निघत होता, उडी मारल्यावर हवेतल्या हवेत दिशा बदलत होता. आजीची काही तक्रार नव्हती. मग ठोकलेल्या एका चौकोनातून अळंबी निघाली, घरंगळत पुढे गेली, आणि मारिओनं धावत जाऊन ती गट्टम केली.

सूप थांबलं.

‘‘मेल्या, वळखल्याशिवाय अळंबी कोण खाता?’’

ती खाऊन तो दुप्पट झाला, हे तिला चाललं. जमिनीवर पडलेली अळंबी न बघता तोंडात घातली, हे चाललं नाही. पावसाळ्यात वारुळावर उगवलेली अळंबी घरी आली की आजी एकेक उलटी करून बघायची, वास घ्यायची. एकीबद्दल जरी शंका आली तरी सगळी टोपली उकिरड्यावर. त्यानंतर मारिओनं कितीही राजकन्या सोडवल्या असत्या तरी आजीच्या लेखी तो बेअक्कलच राहिला. त्या गेममध्ये ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे, नुसता रंग बदललेला. सगळा खेळ चाळीस किलोबाइटमध्ये कोंबायचा म्हणून काढलेली ती युक्ती. हे आजीला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, बरोबर आहे, जुन्या लुगड्याची गोधडी करतातच.

आणि हीच आजी जत्रेतला दशावतार रात्रभर जागून बघायची. मंचावर एक बाकडं. तेच सिंहासन, तोच पर्वत. राजा बाकड्याला एक फेरी मारायचा आणि द्वारकेहून हस्तिनापूरला पोचायचा. दुपारी आमच्या ओटीवर बिडी ओढत चहा प्यायलेला माणूस रात्री द्रौपदी होऊन आला तरी आजी पदरानं डोळे पुसायची. कोलरिज नावाच्या इंग्रज कवीनं १८१७ साली लिहून ठेवलंय की काव्य वाचताना माणूस आपला अविश्वास आपणहून बाजूला ठेवतो. आजीचा तर कायमच बाजूला ठेवलेला असे. अळंबीपुरता तेवढा तिनं हाताशी ठेवला होता.

मला जेवणाचं मात्र कधीच काही वाटलं नाही. दादा मला एकदा बाजारातल्या पार्लरमध्ये घेऊन गेला होता, घरी न सांगण्याच्या बोलीवर. अंधारी खोली, एक रुपयाचं एक कॉइन, आणि मुस्तफा. कॅपकॉमच्या १९९३ च्या त्या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ आहे हे मला वीस वर्षांनी कळलं. आमच्या पिढीला तो मुस्तफाच. खेळायला चार माणसं होती, पण सगळ्यांना तोच पिवळ्या टोपीवाला हवा असायचा. मला हॅना मिळाली, मुलगी म्हणून. रस्त्यावरचं पिंप फोडलं की आतून खाणं निघायचं, ते उचललं की अंगात बळ. गुंडांच्या अड्ड्यातल्या पिंपात गरम जेवण कुणी ठेवलं, कधी ठेवलं, झाकलं होतं का? असले प्रश्न घरी. तिथं कॉइन संपायच्या आत जेवायचं होतं.

मेल्यावर परत उठणंही नाही खटकलं. कसं खटकेल? आम्ही विषामृत खेळलेली माणसं. विष दिलं की पुतळा, अमृत दिलं की पुन्हा पळायला मोकळे. मुठीला थुंकी लावून ‘टाइम प्लीज’ म्हटलं की काळ थांबायचा, चप्पल नीट करून झाली की पुन्हा सुरू. आणि शेजारच्यांचा धाकटा लिंबूटिंबू असायचा, त्याच्यावर राज्य यायचंच नाही. तो तर तीस लाइफ असलेल्या ‘काँट्रा’च्याही वरचढ.

एसटीत ड्रायव्हर असलेल्या काकांचं वेगळंच. २००३ च्या दिवाळीत ते दादाच्या मागे उभे राहून ‘व्हाइस सिटी’ बघत होते. टॉमी व्हर्सेटी गाड्या चोरत होता, फुटपाथवर घालत होता, पोलीस मागे लागले की गाडीला रंग मारून घ्यायचा आणि पोलीस परत जायचे. काका पोट धरून हसत होते. मग एक गाडी वळणावर उलटली, खालून ज्वाळा निघाल्या आणि चार-पाच सेकंदांत तिचा स्फोट झाला.

काकांचं हसू गेलं. ‘‘पलटी झाली म्हणून पेटते होय? फोंडा घाटात तीन गाड्या पालथ्या बघितल्यात मी. एकीनं धूर काढला नाही. एकीतली माणसं तर खिडकीतून बाहेर आली आणि आपापल्या कोंबड्या मोजायला लागली.’’

‘‘गेम आहे हो काका.’’

‘‘गेम आहे ते दिसतंय. गाडी बनवणाऱ्याला काही माहीत नाही एवढंच म्हणतोय.’’

मला त्याच गेममध्ये पाणी नडलं. टॉमी समुद्राच्या मधोमध वसलेल्या शहरात राहतो, मयामीसारख्या. होडी चालवतो, हेलिकॉप्टर चालवतो, बेटावर त्याचा बंगला. आणि पोहता येत नाही. धक्क्यावरून पाय घसरला की संपला. मी सातव्या वर्षी पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलले गेले होते, आणि चौथ्या दिवशी डबा सुटला तेव्हा तो सुटलाय हे मला काठावर पोचल्यावर कळलं. त्यामुळे टॉमीची दया यायची. पुढच्या, २००४ च्या गेममधला नायक पोहायला लागला तेव्हा आमच्या घरात कुणीतरी बोर्डात आल्यासारखा आनंद मला झाला. ‘असॅसिन्स क्रीड’चा पहिला नायकही असाच, पाण्यात पडला की मेला. त्यावर नंतर सफाई देण्यात आली की पूर्वजांच्या आठवणी दाखवणारं जे यंत्र कथेत आहे, त्यातलाच तो दोष होता. काय पण सफाई!

शाळेतल्या कॉम्प्युटरवरचा राजपुत्र तेवढा माझा खरा विश्वासू. चपला बाहेर काढून, रांगेत, एसीच्या खोलीत जायचं, आणि बाई दुसरीकडे बघत असल्या की ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. जॉर्डन मेकनर नावाच्या तरुणानं आपल्या धाकट्या भावाला एका पार्किंगमध्ये धावायला, उड्या मारायला लावून त्याचं व्हिडिओ चित्रण केलं, आणि त्यावरून एकेक चित्र काढून १९८९ साली हा राजपुत्र केला. म्हणून तो असा वागायचा: धावताना थांबायला सांगितलं तर दोन पावलं घसरून थांबणार, कडेला लोंबकळला की कसाबसा वर येणार. दोन मजल्यांवरून पडला की दुखायचं, तीन मजल्यांवरून पडला की मेला. बरोबर आहे. माझ्या हिशेबानं तरीही जरा उदारच. तळघरात जमिनीवर पडलेल्या अनोळखी बाटल्या मात्र तोही तोंडाला लावायचा, आणि एखादी विषारी निघायची. आजी म्हणालीच होती.

माझं स्वतःचं एक खूळ आहे, ते सांगायला हरकत नाही. ‘झेल्डा’च्या गेममध्ये कुणाच्याही घरात शिरायचं, मालकाच्या डोळ्यांदेखत त्याची मडकी उचलून आपटायची आणि आत निघालेले पैसे खिशात घालायचे अशी रीत आहे. पैशांचं नावही रुपी. मालक काही म्हणत नाही, उलट गप्पा मारतो. मला हे जमत नाही. आजीचा माठ डोळ्यांपुढे येतो, मार्चपासून भिजत घातलेला, त्याखालचं वाळूचं आळं. मी घरात जाते, चौकशी करते, बाहेर येते. त्यामुळे माझ्या नायकाकडे कधी चांगली ढाल घेण्याइतके पैसे जमले नाहीत. भाच्याला हे कळलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

आणि कुंपणं. एवढं बोलून घेते. जो इसम उभ्या भिंतीवर पालीसारखा चढतो, किंवा ज्याच्या खांद्यावर रणगाडा उडवायचं हत्यार आहे, त्याच्यापुढे गुडघाभर लाकडी कुंपण आलं की तो तिथंच पाय आपटत राहतो. पलीकडे रस्ता दिसतोय, झाडं दिसतायत, एक बाई कपडे वाळत घालतेय. ओलांड की रे!

‘‘तिथं मॅप संपतो, मावशी.’’

‘‘पण पाय उचलायला काय होतंय?’’

‘‘पलीकडे काही नाहीये.’’

‘‘मग ती बाई?’’

यावर त्यानं आवाज वाढवला.

काल प्लास्टर निघालं. घोटा पांढरा पडलाय, सुरकुतलेला, दुसऱ्याच कुणाचा तरी असावा तसा. डॉक्टर म्हणाले, वॉकर घेऊन थोडं थोडं चाला. म्हणून आज संध्याकाळी लिफ्टनं खाली उतरले, भाचा बरोबर. सोसायटीच्या गेटातून बाहेर, कोपऱ्यावरच्या भाजीवालीपर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढाच बेत. गवारीचा हिशेब बाकी होता.

मी आत पडून होते तेवढ्यात सोसायटीनं बाहेरच्या गाड्या येऊ नयेत म्हणून गेटाच्या दोन खांबांमध्ये साखळी लावली आहे. बारीक, लाल-पांढरी, गुडघ्याच्याही खाली. मी वॉकर टेकवला, चांगला पाय पुढे घेतला, मग वाईट. मग परत दोन्ही होते तिथं. पलीकडे रस्ता दिसत होता. भाजीवालीनं हात केला. मीही केला.

‘‘मावशी,’’ भाचा म्हणाला, ‘‘तुझा मॅप इथं संपला.’’

साखळीला कुलूप होतं. किल्ली वॉचमनकडे, आणि वॉचमन चहाला गेला होता.