तुम्ही विचारलंत म्हणून: भाजीला एवढे घुमट कशाला?

बडोद्यात आमच्याकडे पाहुणा आला की दुसऱ्या दिवसापर्यंत हा प्रश्न येतोच. रिक्षा खंडेराव मार्केटच्या चार रस्त्यावर वळते, पाहुणा मान बाहेर काढतो नि विचारतो, "हाही गायकवाडांचा पॅलेस का?" मी म्हणते, "नाही हो, हे भाजी मार्केट." पाहुणा जरा गप्प होतो. मग खरा प्रश्न येतो, "भाजीला एवढं?"

गेल्या हिवाळ्यात तो विहीणबाईंनी विचारला. त्या पुण्याच्या. "अहो ताई, भाजीला एवढे घुमट कशाला? पैसा जास्त झाला होता का तुमच्या महाराजांना?" विहीणबाईंना उलट उत्तर देता येत नाही. म्हणून तेव्हा हसले आणि आता सविस्तर लिहिते आहे.

मी तीस वर्षं एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढले. पदाचं नाव ड्राफ्ट्समन. मी बाई आहे म्हणून ते बदलावं असं कुणाला वाटलं नाही, मलाही नाही. शिकत असताना सरांनी आम्हाला याच मार्केटची दर्शनी बाजू काढायला पाठवलं होतं. मी सकाळी सातला समोरच्या फूटपाथवर फळी मांडीवर घेऊन बसले. मधला उंच भाग, दोन्हीकडे सारख्या कमानी, सारख्या छत्र्या (खांबांवर उभे छोटे घुमट). मग दोन्ही बाजू कशाला काढायच्या? अर्धं काढलं, ट्रेसिंग पेपर उलटा केला आणि उरलेलं अर्धं गिरवून मोकळी झाले. सरांनी कागद हातात घेतला, एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "अर्धं मार्केट, अर्धे मार्क."

मी सावल्याही उलट्या गिरवल्या होत्या. एका अंगाला सूर्य पूर्वेकडून आला होता, दुसऱ्या अंगाला पश्चिमेकडून!

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले तेव्हा पहिल्यांदा ती इमारत नीट दिसली. तिच्यावरचं निम्मं काम ऊन करतं. कमान खोल घेतली की आत काळोखाचा तुकडा तयार होतो. छज्जा पुढे काढला की भिंतीवर सावलीची पट्टी उमटते आणि ती दिवसभर खाली-वर सरकत राहते. झरोका, कंगोरा, छत्रीचे खांब, सगळं त्या सावलीसाठीच. लंडनच्या ढगाळ हवेत हीच इमारत सपाट दिसली असती. शिवाय मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा हीच खोल कमान आतल्या माणसाला उन्हापासून राखते. शोभा आणि सोय इथे वेगळ्या काढता येत नाहीत. आमच्या ऑफिसात नंतर काचेच्या भिंतींच्या इमारती आल्या. त्यांचे नकाशे मी निमूट काढले, पण सावली काढायची वेळ आली की पेन्सिल थबकायची. तिथे सावली पडायला जागाच नसायची.

घुमट, छत्र्या, कमानी यांची ही सरमिसळ गायकवाडांची एकट्यांची नव्हे. त्या काळी इंग्रज वास्तुविशारद हिंदुस्थानात असंच बांधत. आखणी युरोपची, घुमट मुसलमानी, छत्र्या-झरोके राजपुतान्यातले. या शैलीला इंडो-सारसेनिक म्हणतात. आमचा लक्ष्मीविलास त्याच घराण्यातला, १८९० मध्ये पुरा झालेला. पाहुण्यांचा घोटाळा होतो तो यामुळेच. राजवाड्याला जी वस्त्रं शिवली, तीच बाजाराला शिवली.

ती का शिवली, हा मुद्दा आहे. सयाजीराव महाराजांनी १८८१ च्या अखेरीस कारभार हाती घेतला. त्याला पंचवीस वर्षं होत आली, त्या निमित्तानं हे मार्केट बांधलं आणि शहराच्या नगरपालिकेला दिलं. साल १९०६-०७. आता राजाच्या रौप्यमहोत्सवाला साधारण काय बांधतात? पुतळा, मनोरा, दरबार हॉल. इथे भाजीबाजार बांधला. आणि त्याला नाव स्वतःचं नाही, दत्तक वडिलांचं दिलं. खंडेराव महाराज १८७० मध्येच गेले होते. कवळाण्याचा गोपाळ, म्हणजे हेच सयाजीराव, दत्तक आला तो १८७५ मध्ये. म्हणजे हे वडील त्यांना कागदावरच भेटले. त्यात खंडेराव किती हौशी! 'स्टार ऑफ द साउथ' हा जगप्रसिद्ध हिरा त्यांनी घेतला, मदिनेला अर्पण करण्यासाठी मोत्यांचा गालिचा विणवून घेतला. अशा माणसाचं नाव आज दुधी-गवारीच्या भावाबरोबर रोज हजार तोंडी असतं. "खंडेरावमां भींडा शुं भाव?" मला हे फार आवडतं.

आता विहीणबाईंचा पैशाचा प्रश्न. तो नवा नाही आणि तो खुद्द पुण्यातच विचारला गेला होता. पुण्यात नवी मंडई बांधायची ठरली तेव्हा जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद होते. त्यांनी त्या खर्चाला विरोध केला. शाळांना पैसा नाही आणि मंडई कसली, असा त्यांचा रोख होता. मंडई तरीही झाली. १८८६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं ती उघडली. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिचं नाव महात्मा फुले मंडई झालं. ज्यांनी विरोध केला, त्यांचंच नाव.

जोतीरावांचा मुद्दा मला पटतो. तो बडोद्यालाही लावून पाहावा. अमरेलीत १८९३ पासून चालवलेली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची योजना सयाजीरावांनी सबंध राज्याला लागू केली ती १९०६ मध्ये. मार्केटचे घुमट चढत होते त्याच सुमारास. आधी शाळा की आधी मंडई, हा वाद इथे पडलाच नाही, कारण दोन्ही झालं. म्हणून या घुमटांकडे मी उधळपट्टी म्हणून पाहू शकत नाही. शाळा उघडली नसती तर पाहिलं असतं.

बडोद्यात आणखी एक गंमत आहे. सुरसागर तलावाजवळचं न्यायमंदिर पाहिलंत? तेही आधी बाजार म्हणूनच योजलेलं. सयाजीरावांच्या पहिल्या पत्नी, थोरल्या चिमणाबाई, यांच्या स्मरणार्थ. या महाराणी तंजावरच्या मोहित्यांच्या, १८८५ मध्ये अगदी तरुणपणी गेल्या. नकाशा रॉबर्ट चिशोल्म यांचा, लक्ष्मीविलास पुरा केला तेच. इथे त्यांनी बायझंटाइन, म्हणजे जुन्या पूर्व रोमन साम्राज्यातलं, वळण घेतलं. मधोमध प्रचंड उंच दालन, भोवती बाकीचं सारं. १८९६ मध्ये इमारत उभी राहिली आणि मग तिच्यात न्यायालय भरलं. पुष्कळांना हा बदल विचित्र वाटतो. नकाशा काढणाऱ्याला नाही वाटत. बाजाराला काय लागतं? एक मोठी मोकळी जागा, वरून येणारा उजेड, उष्ण हवा चढून जाईल एवढी उंची आणि कुणालाही आत येता येईल अशी दारं. कोर्टाला तरी निराळं काय लागतं? भाजीवाल्यांसाठी योजलेली हवा काळ्या कोटांना मिळाली, एवढंच. आता कोर्टही दिवाळीपुऱ्याच्या नव्या इमारतीत गेलं.

खंडेराव मार्केटचं थोडं तसंच झालंय. पुढच्या अंगाला महानगरपालिकेचं मुख्य कार्यालय आहे. जन्माचा दाखला, घरपट्टी, सगळ्या खेपा त्या कमानीखालून. फळं, भाजी, फुलं मागच्या बाजूला. (पुण्याची नगरपालिकाही कितीतरी वर्षं मंडईच्याच माडीवर होती. दोन्हीकडे गिऱ्हाईक आणि तक्रारदार एकाच दारात.) पाहुणे पुढून फोटो काढून निघून जातात. मी त्यांना मागे नेते. डिसेंबरात तिथे उंधियूची पापडी, कंद, रताळी, हिरवा लसूण यांचे ढीग असतात. फुलांच्या बाजूला पाऊल टाकलं की झेंडूचा ओला वास नाकात बसतो. गणपतीच्या आदल्या दिवशी तर आमची अर्धी मराठी वस्ती तिथेच भेटते. दूर्वा, केवडा आणि सुनेच्या तक्रारी एकाच पिशवीत.

विहीणबाईंनाही मागे नेलं. माझी नेहमीची फूलवाली हातानं गजरा गुंडाळत म्हणाली, "मेहमान क्यांथी आव्या, बेन?"

"पूनाथी."

"त्यां मार्केट केवुं छे?"

विहीणबाईंना गुजराती येत नाही, पण हा प्रश्न कळला. त्यांनी पिशवी खाली ठेवली. दोन्ही हातांनी हवेत आठ कोन काढले, मग मधला मनोरा, मग त्याचं टोक. "दगडी आहे," त्या मराठीतच सांगत होत्या, "आणि उंच, खूप उंच. लांबून बघाल तर चर्चच वाटेल."

फूलवालीनं वर पाहिलं. "शाक माटे?" (भाजीसाठी?)

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी गजऱ्याचे पैसे मोजत होते.