आयात मशीनचं गोदाम: कुठल्या खाचेत कुठलं नाणं?

जुन्या आर्केड आणि पिनबॉल मशीनच्या या गोदामात जपानी, जर्मन, इटालियन आणि अमेरिकी मशीनं एकमेकांना खेटून उभी आहेत. आम्ही खेळायला नव्हे, तर कुठलं मशीन कुठलं नाणं घेतं ते शोधायला गेलो होतो. तुम्ही जाणार असाल तर टॉर्च, डिजिटल कॅलिपर आणि जमतील तेवढी जुनी परदेशी नाणी जवळ ठेवा. मशीनवरच्या नाण्यांच्या दरवाज्यांच्या किल्ल्याही आधीच मागून घ्या. बाहेरून फार काही कळत नाही.

दरवाज्यावरच्या आकड्यांवर तर मुळीच विसंबू नका. मशीन देशांतर करतं तेव्हा सगळ्यात आधी बदलतं ते स्टिकर. खाच मोजा, पण उंची आणि रुंदी दोन्ही. अमेरिकी क्वार्टर २४.२६ मिमी, ५० युरो सेंट २४.२५. व्यासावरून कोण सांगणार? जाडी मात्र १.७५ आणि २.३८ मिमी. खाच दोन मिमीपेक्षा अरुंद असेल तर युरोचा विषय तिथेच मिटला.

खरी मजा मेक, म्हणजे नाणं तपासणारी यंत्रणा, बाहेर काढल्यावर. साध्या अमेरिकी मेकमध्ये नाणं आधी एका चिमुकल्या पाळण्यावर येतं. व्यास कमी असेल तर ते पाळण्यातून घसरून खाली पडतं. व्यास आणि वजन दोन्ही बरोबर असेल तरच पाळणा कलतो आणि नाणं पुढे सरकतं. मग चुंबक. लोखंडी चकती तिथेच चिकटते आणि परतीचं बटण दाबलं की खरवडून खाली टाकली जाते. अस्सल नाणं चिकटत नाही, पण चुंबकाजवळून जाताना त्याचा वेग धातूप्रमाणे कमी होतो, आणि पुढे ते कुठे पडेल हे त्या वेगावर ठरतं. बोटाने पाळणा हलवून पाहा, एका मिनिटात सगळं उलगडतं.

जर्मन दरवाज्यापुढे मात्र ‘चुंबकाने ओढलं म्हणजे खोटं’ हा नियम विसरा. १९६९ पासूनचं दोन मार्क आणि १९७५ पासूनचं पाच मार्क यांच्या पोटात निकेलचा थर आहे, त्यामुळे अस्सल नाणंही ओढलं जातं. इटालियन मशीनजवळ खोबणी असलेलं टोकन सापडलं तर ते टेलिफोनचं असू शकतं. त्याच्या एका बाजूला दोन खोबणी, दुसऱ्या बाजूला एक. १९८४ पासून त्याची किंमत २०० लिरा होती आणि ते नाण्यासारखंच हातोहात फिरायचं.

सर्वांत जास्त डोकं खाल्लं ते साडेअठ्ठावीस मिमीच्या खाचेने. १९९२ पूर्वीचं ब्रिटिश दहा पेन्स आणि ऑस्ट्रेलियन वीस सेंट दोन्ही जुन्या फ्लोरिनच्या (दोन शिलिंगच्या नाण्याच्या) मापाची, वजनही तेच. वीजही तेव्हा दोन्हीकडे २४० व्होल्टची! अशा वेळी मूळ प्लग शिल्लक असेल तर तोच कामी येतो: ब्रिटिश पिना सरळ आणि चौकोनी, ऑस्ट्रेलियन चपट्या आणि तिरक्या.

कंपॅरेटर जातीचा मेक दिसला तर हायसं वाटतं. कॉइलमध्ये एक नमुना नाणं धरून ठेवलेलं असतं आणि मेक आत येणाऱ्या प्रत्येक नाण्याची त्याच्याशी तुलना करतो. म्हणजे उत्तर समोरच. फक्त तो नमुनाही कुणी बदललेला असू शकतो, म्हणून खाचेशी ताडून पाहा. पाचिस्लोत, म्हणजे जपानी स्लॉट मशीनमध्ये, तर नाणं नाहीच, २५ मिमीचं मेडल (टोकन) लागतं. जपानी आर्केडची नेहमीची खाच १०० येनची, २२.६ मिमी.

बऱ्याच दरवाज्यांत नाण्याची वाट अडवणारी लॉकआउट कॉइल असते. वीज नसताना ती अस्सल नाणंही परत फेकते, तेव्हा बंद मशीनमध्ये नाणं टाकून मेक बिघडलाय असं ठरवू नका. चाचणी वीज लावूनच करा, पण आधी मागची पट्टी वाचा. जपानी मशीन १०० व्होल्टचं असतं. योग्य ट्रान्सफॉर्मर हाताशी नसेल तर प्लगला हात लावू नका.