कमी झालेले वजन नेमके कशाचे होते?

भुऱ्याचे वजन ६.८ किलोवरून ५.९ किलोवर आले तेव्हा मला आनंद झाला होता, हे सुरुवातीलाच कबूल करतो. तेरा वर्षांचा, नसबंदी झालेला, दिवसभर एकाच कुशीवर लोळणारा बोका बारीक होतो आहे आणि तरीही वाडगे चाटूनपुसून स्वच्छ करतो आहे, यात काळजीचे कारण असेल असे मनातही आले नाही. खरे तर कारण त्याच्या शी-शूच्या मातीच्या ट्रेमध्ये दिसत होते. पूर्वी लिंबाएवढे होणारे ओल्या मातीचे गोळे मुठीएवढे होऊ लागले होते आणि त्यांची संख्याही वाढली होती. मी मात्र मातीचा दर्जा घसरला असे समजून दुसरी माती आणली.

तपासणीत मधुमेह निघाला. रक्तातील साखर एका मर्यादेपलीकडे गेली, मांजरांमध्ये साधारण दर डेसिलीटरला २५० ते ३०० मिलिग्रॅमच्या पुढे, की मूत्रपिंडे ती अडवू शकत नाहीत. ती लघवीवाटे निघून जाते आणि जाताना पाणीही ओढून नेते. पेशी मात्र उपाशीच राहतात, म्हणून शरीर आधी साठवलेली चरबी आणि तिच्या जोडीने स्नायूही जाळू लागते. भरपूर खाऊनही वजन उतरते ते यामुळे. डॉक्टरांनी माझा हात धरून बोटे भुऱ्याच्या पाठीवरून फिरवली. पोटाखाली चरबीची पिशवी अजून लोंबत होती, पण कण्याचे मणके एकेक करून मोजता येत होते आणि मांड्यांवरचा भराव गेलेला होता. बोका लठ्ठही होता आणि खंगलेलाही होता, आणि या दोन्ही गोष्टी एकाच शरीरात एकाच वेळी असू शकतात हे मला त्या दिवशी कळले. मागचे पाय तो टाचा टेकवून टाकत होता. तो चालीतला फरक मी वयाच्या खात्यावर टाकला होता, प्रत्यक्षात तो वाढलेल्या साखरेने नसांवर केलेला परिणाम होता.

तेव्हापासून दोन नोंदी ठेवतो: काट्यावरचा आकडा आणि बोटांना लागलेला कणा. बोक्याला कडेवर घेऊन माणसांच्या काट्यावर उभे राहायचे आणि आपले वजन वजा करायचे, ही पद्धत मी लवकरच सोडली, कारण पाच किलोच्या जनावरात २०० ग्रॅमची घट म्हणजे चार टक्के आणि एवढा फरक त्या काट्याच्या चुकीतच बुडून जातो. तान्ह्या बाळांचा, दहा ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आणला. आठवड्यातून एकदा, सकाळच्या खाण्याआधी वजन घेतो.

खाण्याच्या बाबतीत कोरडे दाणे हळूहळू बंद केले. दाणे बांधून येण्यासाठी त्यात पिष्टमय पदार्थ घालावेच लागतात, आणि मधुमेही मांजराला हवे असते ते भरपूर प्रथिने असलेले, कमी कर्बोदकांचे ओले खाद्य. मात्र हा बदल इन्सुलिन चालू असताना मनाने करू नये, असे मी आवर्जून सांगेन. कर्बोदके कमी झाली की साखर उतरते, आणि तोच डोस चालू ठेवला तर ती धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. लठ्ठ मांजराला बारीक करण्याच्या उत्साहात उपाशी ठेवणे तर त्याहून वाईट, कारण दोन-तीन दिवस अन्न पोटात गेले नाही तरी त्याच्या यकृतात चरबी साचून जीव धोक्यात येऊ शकतो. सिरिंजचीही एक गोष्ट सांगून ठेवतो. दर मिलिलीटरला ४० युनिट असलेल्या इन्सुलिनला ४० ची आणि १०० युनिट असलेल्याला १०० चीच सिरिंज लागते. अदलाबदल झाली तर डोस अडीचपट चुकतो.

बारा-बारा तासांनी इन्सुलिन सुरू झाल्यावर वजन ५.२ वर स्थिरावले, पुढे ५.४ झाले आणि कण्यावर थोडा भरावही आला. आता सुटलो असे वाटत असतानाच पाच महिन्यांनी आकडा पुन्हा घसरू लागला: ५.३, ५.१, मग ४.८. भूक तर राक्षसी झाली होती. फ्रुक्टोसामाइनची, म्हणजे रक्तातील प्रथिनांना चिकटलेल्या साखरेची, तपासणी केली, जिच्यावरून मागच्या साधारण दोन आठवड्यांतील साखरेचा अंदाज येतो, आणि निकाल चक्क चांगला आला. पण घरी कानाच्या कडेला सुई टोचून दर दोन तासांनी घेतलेले आकडे त्याच्याशी जुळेनात. निम्म्याहून अधिक वेळा ते ३०० च्या वर होते. दवाखान्यात नुसत्या भीतीने मांजराची साखर चढते हे मला माहीत होते, पण इथे उलटेच घडत होते. भुऱ्या घरी माझ्या मांडीवर पेंगत होता आणि आकडे तरीही वाईट होते.

माझी वही पाहून डॉक्टरांनी थायरॉईडची तपासणी सांगितली आणि त्याची पातळी वाढलेली निघाली. थायरॉईड अतिक्रियाशील असले की शरीरातील प्रथिनांची मोडतोड वेगाने होते, आणि फ्रुक्टोसामाइन प्रथिनांवरच अवलंबून असल्याने त्याचा आकडा खोटा दिलासा देतो. शिवाय हाच आजार शरीराला इन्सुलिनला दाद देऊ देत नाही आणि स्वतःही वजन उतरवतो. म्हाताऱ्या मांजराचे सारे दुखणे आपण एकदा कळलेल्या आजाराच्या नावावर लिहीत जातो. मीही डोस थोडा वाढवा एवढेच म्हणत बसलो होतो. डोस वाढवला नाही हे किती बरे झाले ते पुढे समजले, कारण थायरॉईडची गोळी लागू पडल्यावर इन्सुलिनची गरज कमी झाली आणि एका संध्याकाळी साखर ६८ दिसली. भुऱ्या तोल जाऊन भिंतीला टेकला होता. हिरड्यांवर मध चोळला, खायला दिले, डॉक्टरांना फोन केला आणि ते म्हणाले तसे ते इंजेक्शन टाळले. दुसऱ्या दिवशी त्यांनी डोस निम्मा केला.

थायरॉईड आटोक्यात आल्यावर मूत्रपिंडांचा तोवर झाकलेला आजार उघड होऊ शकतो, म्हणून पुढच्या महिन्यात ती तपासणी आहे. ५.४ वर परत न्यायचे नाही, पाचच्या आसपास धरून ठेवायचे, असे आमचे ठरले आहे. परवाच्या रविवारी काट्यावर ४.९६ आले. मणके अजून हाताला लागतात, पण मोजायला आता दाबून पाहावे लागते, आणि वजन घेऊन झाल्यावर काट्यावरून खाली उतरवायला मी हात पुढे केला, तोवर तो स्वतःच उडी मारून वाडग्याकडे गेला होता.