अध्ययन नोंदवही: माझा अनुभव

नाशिकरोडला सहावीच्या गणिताला मी ही नोंदवही वापरते. वर्गात ४२ मुलं. प्रत्येकाची शंभर पानी वही, तासाची शेवटची सहा मिनिटं आणि मुलांनी लिहायच्या दोन ओळी: आज काय कळलं ते उदाहरण देऊन, आणि कुठे अडलं.

पहिल्या आठवड्यात बहुतेक वह्यांत एकच वाक्य होतं, ‘सर्व समजले.’ दोष मुलांचा नाही, प्रश्नाचा. ‘काय शिकलात?’ विचारलं की फळ्यावरचं उतरून येतं. म्हणून प्रश्न नेमका केला: ०.५ किलो द्राक्षं जास्त की ०.३५ किलो? का? आता उत्तरं बोलकी झाली: ‘०.३५ जास्त, कारण ३५ हे ५ पेक्षा मोठे.’ दशांश चिन्हापुढचा भाग पूर्ण संख्येसारखा वाचण्याची ही नेहमीची चूक. चाचणीत फक्त उत्तर चुकलेलं दिसतं, इथे कारणही सापडतं.

लगेच वजनकाट्याचं उदाहरण द्यायचा मोह होतो. पण इलेक्ट्रॉनिक काट्यावर ०.५०० आणि ०.३५० असे दोन्हीकडे चिन्हापुढे तीन-तीन अंक दिसतात, त्यामुळे ५०० आणि ३५० वाचूनही उत्तर बरोबर येतं आणि गैरसमज तसाच राहतो. आधी शंभर चौकटींच्या कागदावर ५० आणि ३५ चौकटी रंगवून घ्याव्या, काटा नंतर.

रोज सगळ्या वह्या वाचायच्या नाहीत, ते आठवडाभरही टिकत नाही. रोज आठ-नऊ घेतल्या की पाच दिवसांत वर्ग होतो, वेळ साधारण पंधरा मिनिटं. समासात गैरसमजाला त्रिकोण, अर्धवट समजेला टिंब. शुद्धलेखनाला लाल पेन लावलं की मुलं येतील तेवढेच शब्द लिहितात. नोंदवहीला गुण तर मुळीच नकोत, नाहीतर ‘कुठे अडलं’ची ओळ रिकामी येते. सहावीला आकारिक मूल्यमापनाचा (वर्गात शिकता-शिकता होणाऱ्या मूल्यमापनाचा) भार ५० टक्के आहे म्हणून हेही त्यात मोजावंसं वाटतं, पण गुण स्वाध्याय, तोंडी काम, चाचणी यांतून द्यावेत. नोंदवही वर्णनात्मक नोंदींसाठी ठेवावी. ‘प्रगती समाधानकारक’ऐवजी ‘दशांश अपूर्णांकांची तुलना करताना स्थानिक किंमत विचारात घेतो’ असं पुराव्यासह लिहिता येतं.

त्रिकोण पाचांहून जास्त झाले तर दुसऱ्या दिवशीची पहिली पाच मिनिटं त्याच चुकीला. नाव न घेता उत्तर फळ्यावर लिहायचं आणि ‘हे असं का वाटलं असेल?’ विचारायचं. महिनाअखेरीस प्रत्येकाने आपली एक जुनी नोंद निवडून तिच्याखाली हिरव्या पेनाने नवं उत्तर लिहायचं, जुनं खोडायचं नाही.